ठेंगणी पाट ओलांडते

एस्पान्योला, न्यू मेक्सिको
२१ फेब्रुवारी १९९९

तीर्थरूप एलिसेओकाकांना देल्फिनोचा शि. सा. न. वि. वि.

फोन केला असता, पण पोलादाच्या कारखान्याने तुमचे कान ठेवून घेतले, त्यामुळे पत्राला पर्याय नाही. इकडे सगळे ठीक आहेत, आईचा गुडघा सोडून. ऑपरेशन झालं तरी तो वाकायला तयार नाही. ऑक्टोबरपासून तिने अंगणाबाहेर पाऊल टाकलेलं नाही. माझी कामाची व्हॅन तिला उंच पडते आणि दुसऱ्याच्या गाडीत ती बसत नाही. परवा स्वतःहून म्हणाली, गुड फ्रायडेला चिमायोच्या चर्चला जायचंय, तिथली पवित्र माती गुडघ्याला लावायचीय. मी आनंदाने उडालोच. मग तिने अट घातली, की जाईन तर ठेंगणीतूनच, आणि तुझ्या बाबांच्या वेळी होती तेवढीच ती खाली हवी.

ठेंगणी म्हणजे बाबांची हिरवी अडुसष्टची शेव्ही पिकअप, हे तुम्हाला सांगायला नकोच. एकोणसत्तर साली तुम्हीच स्वतःच्या हाताने आखूड स्प्रिंगा वळून तिला गावातली सगळ्यात बुटकी गाडी केलीत, आणि इथे गाडी जितकी बुटकी तितकी तिची ऐट. पण काका, बाबा गेल्यापासून ती शेडमध्ये उभी आहे आणि मला शपथेवर वाटतं की ती चार बोटं वर आली आहे.

आता मला ती रोज वापरायची आहे. मागे पाइप, हत्यारं, सकाळ-संध्याकाळ घरापुढच्या पाण्याच्या पाटावरचा तो उंचवटा, मग डांबरी रस्ता. बेनी मेद्रानोच्या गॅरेजात विचारलं. तो म्हणतो, स्प्रिंगा काढून हवेच्या पिशव्या बसव. बटण दाबलं की गाडी वर, दाबलं की खाली. आई बसताना खाली, पाटावर वर. तुमचं मत कळवा.

आईने पावाचा गोड कापिरोतादा केला होता. तुमच्या वाटणीचा मीच खाल्ला. लोभ वाढवा, वजन मी वाढवतोय.

तुमचा,
देल्फिनो


प्वेब्लो, कोलोराडो
२७ फेब्रुवारी १९९९

चि. देल्फिनो यास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि कॉफी सांडली. हवा? हवा फुग्यात भरतात, बाळा. तुझ्या बापाच्या गाडीत पोलाद आहे.

अडतीस वर्षं भट्टीपुढे काढली. पोलाद खचतं, तुटतं, गंजतं, पण उंच होताना मी कधी पाहिलं नाही. तू मोजायला चुकलास. जुन्या स्प्रिंगा थकल्या असतील एवढं मान्य. त्यासाठी आज बसच्या पार्सलने नवीन चार पाठवतोय, आमच्या जुन्या फोरमनच्या वर्कशॉपात उभा राहून वळून घेतल्या आहेत. एकदा खाली आणलेली गाडी कायम खालीच राहते, यात माणसाची परीक्षा असते. बटण दाबून मोठेपणा आणि छोटेपणा घेणारे लोक मला आवडत नाहीत. शिवाय हिवाळ्यात नळ्यांत पाणी गोठलं म्हणजे तुझी गाडी रस्त्यात मांडी घालून बसेल.

पाटाचं म्हणशील, तर तुझा बाप ओनेसिमो तीस वर्षं तिथून गेलाच ना? तिरकी घ्यायची, एकेक चाक चढवायचं. मनगट लागतं. मी यायचो तेव्हा तो गाडी पाटाअलीकडे त्या मोठ्या आलमोच्या झाडाखाली ठेवायचा आणि मला पाटाच्या कडेने चालवत घरी न्यायचा. गावाचा पाटकरी होता, पाटावर जीव होता त्याचा. मला वाटायचं, गाडीपेक्षाही जास्त.

तू माझ्या स्प्रिंगा काढून हवा भरलीस, तर गुड फ्रायडेला मी येणार नाही. वहिनींना नमस्कार. तुझ्यावर माया आहेच, फक्त तिला पंप लावू नकोस.

तुझा काका,
एलिसेओ


एस्पान्योला
८ मार्च १९९९

तीर्थरूप काकांना देल्फिनोचा शि. सा. न. वि. वि.

तुमच्या स्प्रिंगा मिळाल्या. बेनीने बसवल्या. जुन्या काढल्या त्या तुमच्या नव्यांपेक्षा चार बोटं लांब निघाल्या. बेनी म्हणाला, या तर कंपनीतून आलेल्याच आहेत. मी म्हटलं, गप्प बस, या माझ्या काकांनी स्वतः केल्यात. पण गाडी अशी काही खाली बसली की विचारू नका. आई शेडपर्यंत काठी टेकत आली, दार उघडलं, स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसावं तशी बसली आणि डॅशबोर्डवरून हात फिरवत राहिली. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू.

आता पुढचं ऐका. शनिवारी पाटाची सफाई होती. घरटी एक माणूस, एक फावडं. मी ऐटीत ठेंगणी काढली. पाटावर तिरकी घेतली, तुम्ही सांगितलं तशी. एकेक चाक चढवलं. दोन चाकं चढली आणि गाडीचं पोट उंचवट्यावर टेकलं. पुढे जाईना, मागे येईना. बावीस माणसं फावडी टेकून उभी. नवा पाटकरी त्रांकिलिनो म्हणाला, पाणी सोडायच्या आत हलली नाही तर हिला बंधारा म्हणून वहीत नोंदवावं लागेल. कुणी म्हणालं, पाटाच्या पंचांत हिला घ्या, जागची हलत नाही, बाकीच्या पंचांसारखीच आहे. शेवटी बाविसांनी उचलून अलीकडे ठेवली.

सगळे हसत होते, पण आई ओसरीवर होती. ती उठली, आत गेली आणि दार लावून घेतलं. संध्याकाळी म्हणाली, चिमायो राहू दे. तेव्हापासून तोच एक शब्द. काका, मला गाडीचं काही नाही, पण ती आता अंगणातही येत नाही.

बाबा कसे जायचे हो इथून? मी लहानपणापासून आठवून पाहतोय. रविवारी आम्ही पाच भावंडं मागे बसायचो. पाट आला की बाबा सगळ्यांना उतरवायचे आणि आलमोपर्यंत शर्यत लावायचे. जिंकेल तो पुढे बसायचा. शर्यत आठवते, गाडी कशी जायची ते आठवत नाही. आलमोखाली त्यांची वाळूची सहा पोती अजून आहेत, पाट फुटला तर लागतात ती. त्रांकिलिनोने विचारलं, हलवू का, तर आई केवढ्यांदा ओरडली.

मी हवाच घालणार आहे. नळ्या गळतील म्हणता, तर गळक्या नळ्यांवरच माझं पोट चालतं. रागावा, पण या.

तुमचाच,
देल्फिनो


प्वेब्लो
१३ मार्च १९९९

चि. देल्फिनो यास आशीर्वाद (मोजकेच).

बेनीला स्प्रिंग आणि शेवई यांतला फरक कळत नाही. पोलाद सैलावलं असेल. ज्या उंचवट्यावरून तुझा बाप झोपेतही जायचा, तिथे तू बावीस माणसांना कामाला लावलंस. दोष मनगटाचा आहे. एकोणसत्तर साली त्या स्प्रिंगा करताना माझा डावा तळहात भाजला, डाग अजून आहे. ओनेसिमोने त्या तीस वर्षं वागवल्या. तू तीन दिवस वागवू शकत नाहीस?

हवा भरलीस तर मी येत नाही, हे शेवटचं. वहिनींना सांग, मला वाईट वाटतं.

एलिसेओ


एस्पान्योला
२० मार्च १९९९

श्री. एलिसेओभावजी यांना फेलिसिताचे अनेक आशीर्वाद.

तुमची पत्रं देल्फिनो मला मोठ्याने वाचून दाखवतो आणि तुमच्यासारखा आवाज काढतो. दोन पत्रं मी ऐकून घेतली. आता तुम्ही माझं ऐका. बसून वाचा.

तुमच्या स्प्रिंगा ठेंगणीत चार महिने होत्या. देल्फिनोचा बाप्तिस्मा करून परत येताना गाडी पाटावर अडकली. तान्हं पोर माझ्या मांडीवर, फादर मागच्या गाडीत, आठ माणसांनी आम्हाला पाळण्यासारखं उचललं. शनिवारी तेच पुन्हा पाहिलं आणि मला ओसरीवर बसवेना. लाज नव्हती वाटली. आधी हसू आलं, मग हे आठवले, मग दार लावलं.

बाप्तिस्म्याच्या त्याच रात्री यांनी तुमच्या स्प्रिंगा काढल्या आणि कंपनीच्या परत बसवल्या. मी म्हटलं, एलिसेओला कळवा. म्हणाले, त्याचा हात भाजलाय, बरा होऊ दे. हात बरा झाला. मग म्हणाले, नाताळात येईल तेव्हा सांगतो. नाताळात तुम्ही आलात आणि सगळ्या गावाला तळहात दाखवत फिरलात. त्यानंतर सांगायची सोयच राहिली नाही.

मग सहा पोती वाळू आली. पोती मीच शिवली. पहाटे रिकामी गाडी पाट ओलांडायची, आलमोखाली सहा पोती चढवायची, की गाडी खाली बसायची आणि गावात ठेंगणी म्हणून मिरवायची. संध्याकाळी पोती उतरवायची, पाट ओलांडायचा, घरी. लोकांना वाटायचं, पाटकऱ्याची पोती, पाटासाठी. रविवारी पोरंच पोती व्हायची. शर्यत कशाला होती ते आता तुमच्या पुतण्याला कळलं.

आणि तुम्ही यायचात तेव्हा गाडी भरलेली असायची, म्हणून पाट ओलांडता यायचा नाही. म्हणून तुम्हाला चालवायचे. पाटावर जीव होता हे खरं, पण तेवढाही नव्हता.

तुमच्या स्प्रिंगा टाकल्या नाहीत. दोन कोंबड्यांच्या खुराड्याखाली आहेत, दोन माझ्या जिरेनियमच्या कुंड्यांखाली. तीस वर्षांत एक सूतही खचल्या नाहीत, पोलाद मात्र तुमचं अस्सल.

शेवटी त्यांची पाठ गेली होती. डॉक्टर विचारायचे, काय उचलता? हे म्हणायचे, काही नाही, धाकटा भाऊ फार नाजूक आहे. मी चिडायचे. आता कुणावर चिडू?

मी चिमायोला जाणार आहे. तुम्ही आलात तर बरं वाटेल. न आलात तर कापिरोतादा देल्फिनो खाईल.

तुमची वहिनी,
फेलिसिता


प्वेब्लो
२४ मार्च १९९९

चि. देल्फिनो यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईचं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा इतका हसलो की शेजारीण बघायला आली. तिसऱ्या वेळचं सांगत नाही.

मोठा भाऊ होता. एक वाक्य बोलला असता तर मी दोन दिवस रुसलो असतो आणि त्याची पाठ वाचली असती. पण रुसलो असतो हेही खरं, आणि ते त्याला ठाऊक होतं.

हवा घाल. बेनीला सांग, नळ्यांचे जोड नीट आवळ, हवेच्या टाकीत साचलेलं पाणी काढायची तोटी खाली ठेव, रोज सकाळी पाणी काढ. आणि मी वळून घेतलेल्या नव्या चार स्प्रिंगा फेकू नकोस. वहिनींकडे आणखी कुंड्या असतील.

गुरुवारच्या बसने येतोय. मनगटाबद्दल लिहिलं ते परत घेतो.

काका,
एलिसेओ


प्वेब्लो
७ एप्रिल १९९९

ती. फेलिसितावहिनींना एलिसेओचा शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. बसमध्ये मागच्या बाकावर आडवा होऊन आलो, त्याचं कारण तुम्हाला ठाऊकच आहे.

घरी आल्यापासून एकच गोष्ट डोळ्यांपुढून हलत नाही. देल्फिनोने बटण दाबलं, गाडी सुस्कारा टाकून खाली बसली आणि तुम्ही काठी बाजूला ठेवून आत बसलात. मग गाडी वर झाली, पाट ओलांडला, पोटाला मातीसुद्धा लागली नाही. आलमोशी त्याने पुन्हा खाली घेतली. मला कबूल करावं लागतं की गाडी शोभत होती. त्रांकिलिनोने टोपी काढली ती गाडीला की तुम्हाला, ते मात्र कळलं नाही.

आणि तिथे तुम्ही म्हणालात, थांबा, मागे हलकं लागतंय, एक पोतं घ्या. देल्फिनो उतरायला लागला. तुम्ही म्हणालात, तू नाही. माझे कान गेले आहेत, वहिनी, पण ते मला ऐकू आलं.

पोतं कुजलं होतं, वाळू सांडत होती, तरी उचललं. छातीशी धरून मागे ठेवलं. एवढीशी वाट, दहा पावलं. तुम्ही मागे वळून पाहिलं नाहीत, याबद्दल आभारी आहे.

चिमायोची माती तुम्ही गुडघ्याला लावलीत, मी पाठीला. गुड फ्रायडेला देवाकडे गर्दी असते, त्यामुळे माझ्या पाठीचा नंबर अजून लागलेला नाही. डॉक्टर विचारतो, काय उचललंत? मी सांगितलं, एक पोतं. तो म्हणाला, या वयात एक तरी कशाला उचलायचं?

एकच उचललं, वहिनी. तो रोज सहा चढवायचा आणि सहा उतरवायचा.

माझ्यावर आजवर होता तेवढाच लोभ ठेवा. कमी केलात तरी बोलणार नाही. आता मी रुसत नाही.

तुमचा दीर,
एलिसेओ