जिन्यावरची काठी

२ सप्टेंबर
आजपासून कॉलेजची प्रेसिडेंट मी! आल्डन गेला आणि ट्रस्टींनी नवऱ्याच्या खुर्चीत मलाच बसवलं. हंगामी म्हणे. होईन की कायम! खेड्यातल्या एका खोलीच्या शाळेत शिकलेली बाई, आणि हाताखाली सगळे पीएचडीवाले. माझी अक्कल दिसली असणार त्यांना. घरही राहिलं. हे घर प्रेसिडेंटचं, खुर्ची गेली की चंबूगबाळं उचला.
संकल्प: आल्डनला काहीही विचारायचं नाही.

३ सप्टेंबर, सकाळी
जिन्यावर त्याची काठी वाजली. टक, टक. मी ओरडले, मेल्या, आता तरी स्वस्थ पड की! गप्प झाला. मग मीच विचारलं, निळा कोट घालू की काळा. एक टक म्हणजे निळा.
कोटाचं विचारणं धरत नाही.

९ सप्टेंबर
प्राध्यापक रोज दाराशी. हातात चीज घालून भाजलेल्या नूडल्सचे ट्रे. मान खाली, आवाज हळू. लाच! पगारवाढ हवी असणार. ट्रे ठेवून घेतले, वचन कुणाला दिलं नाही.

२० ऑक्टोबर
पहिली मोठी मीटिंग. आल्डनची खुर्ची रिकामी ठेवली, मी शेजारी बसले. बजावलं, ग्रीक बंद, मुलांना सफरचंदाचा मुरंबा शिकवा. एकानेही वाद घातला नाही! डीन लेनोरा आल्डनशी शब्दाशब्दाला भांडायची. ती म्हणाली, हो हो विनिफ्रेड, छानच कल्पना, पण तू नीट जेवतेस ना?
काय दरारा माझा!

१४ जानेवारी
बाहेर बर्फ. काठी कोपऱ्यात होती, ती जिन्याशी आली. मी हलवली नाही. (हलवली असेन.) त्याच्या तंबाखूचा वास येतो. म्हटलं, म्हाताऱ्या, कॉलेज मी चालवतेय, लुडबुड नको. टक. घाबरले नाही. दिवा मात्र चालू ठेवला.

६ मार्च
ग्रीकचा वर्ग अजून भरतो. चालायचंच, मोठ्या सुधारणेला वेळ लागतो. कॉलेजच्या जेवणघरात आल्डनच्या तसबिरीशेजारी माझ्यासाठी जागा हेरली. ट्रस्टींचे अध्यक्ष थॅडियस यांना विचारलं, चित्रकार कधी येणार. ते स्वतःच्या बुटांकडे बघत राहिले. लाजरा माणूस.

११ मे
कायम करा म्हणून अर्ज दिला. आल्डनला विचारायचं नाही असं पक्कं ठरवलं होतं. विचारलं. टक वाजली नाही. झोपला असेल.

८ जून
थॅडियस आले. टोपी हातात. नव्या प्रेसिडेंटबाई बॉस्टनहून येताहेत, महिनाअखेर घर रिकामं हवं. मी म्हटलं, माझं चुकलं काय? सगळे तर माझं ऐकत होते! ते म्हणाले, तुझं काहीच चुकलं नाही विनिफ्रेड. कारभार लेनोरानेच पाहिला. आल्डनने हॉस्पिटलात आमच्याकडून शब्द घेतला होता, कॉलेजचं एक वर्ष खुर्ची तिला द्या, घरातून लगेच काढू नका, आणि तिला कळू देऊ नका.
म्हणजे ते ट्रे लाच नव्हते. दुखवट्याचे होते.
तणतणत वर गेले. ढोंग्या, कपटी, भेकडा, काय काय बोलले. काठी कोपऱ्यात. वास नाही. आवाज नाही. तासभर पायरीवर बसले.
शेवटी विचारलं, निघताना निळा कोट घालू की काळा?
जूनमध्ये कोट कोण घालतं, एवढंसुद्धा बोलला नाही.