जाड फ्यूज

सोमवार, ४ तारीख
एकदाची नोकरी लागली! दुकान गिटारचे ॲम्प्लिफायर दुरुस्त करण्याचं. मालकांना सगळे काका म्हणतात. राहायला दुकानावरचीच खोली, हवेशीर. काकांनी चहा पाजून बजावलं, की इथे घाई चालत नाही. मी म्हणजे मुलखाचा उतावळा. पण मान डोलावली.

मंगळवार, ५
पलीकडच्या गल्लीतले मास्तर आले. पूर्वी गिटार शिकवायचे. बायको अंथरुणाला खिळलेली; संध्याकाळी तिच्या उशाशी वाजवत बसतात. त्यांच्या ॲम्प्लिफायरचे व्हॉल्व्ह, म्हणजे आतले बल्बसारखे काचेचे दिवे, तापून लालबुंद होत होते. उघडून पाहिलं, तर कुणा शहाण्याने सोळा ओहमच्या जागी चार ओहमचा स्पीकर जोडलेला. काका म्हणाले, ॲम्प्लिफायर आणि स्पीकरची जोडी नीट जुळवावी लागते, नाहीतर एकाचा ताप दुसऱ्याच्या डोक्याला. जुळणारा स्पीकर बसवला, जुना फळीवर ठेवला.

गुरुवार, ७
काका बाहेरगावी. जोडी जुळली तरी एक व्हॉल्व्ह तापतोच आहे, फ्यूज उडतोच आहे. दोष आत आणखी कुठेतरी होता. शोधायला दिवस गेला असता. मास्तर दारात ताटकळलेले, बायको वाट बघतेय म्हणाले. मग मी सरळ जाड फ्यूज घातला. कितीही तापलं तरी तो काही उडायचा नाही. आता तापणार नाही ना, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, "बिनधास्त चालू ठेवा." जाताना पाठ थोपटून गेले. लाज वाटली, पण वेळ मारून नेली.

शनिवार, ९
काकांनी दोष विचारला. फक्त स्पीकरचा, असं सांगितलं. शाबासकी मिळाली. संध्याकाळी फळीवरच्या जुन्या स्पीकरमधून गिटार ऐकू आली. त्याला एकही वायर जोडलेली नाही. हात मास्तरांचाच, आणि सुरांखाली ती घरघर. व्हॉल्व्ह लाल होताना अगदी तशीच घरघर येते. काकांना काहीच ऐकू येत नाही.

रविवार, १०
सांगून टाकावं म्हणून मास्तरांकडे गेलो. त्यांनी हौसेने वाजवून दाखवलं. त्यांच्या बायकोला मी काकू म्हणतो; त्या पडल्या पडल्या म्हणाल्या, "पोरा, तुझ्या हाताला यश आहे." काकांना कळलं तर नोकरी गेलीच. उद्या सांगू.

सोमवार, ११
स्पीकरला जळका वास. हात लावला तर चटका — धावत सुटलो. गल्लीत धूर. मास्तर औषध आणायला गेलेले, ॲम्प्लिफायर चालू ठेवून. काकू एकट्या आत —
उद्या म्हणालो होतो मी.

बुधवार, १३
काकू गेल्या. मास्तर माझ्याच खांद्यावर रडले. म्हणाले, घरातली वायरिंग जुनी, तुझा काय दोष त्यात. मी मान डोलावली. मी माणूस नाही.

शुक्रवार, १५
गिटार थांबली. आता स्पीकरमधून नुसता काकूंचा आवाज. अहो, गरम होतंय — अहो, गरम होतंय — दिवसभर. कानात कापूस घातला. स्पीकर पोत्यात बांधला. तरी —

शनिवार, १६
मास्तर दुकानात येऊन बसलेत. घर राहिलं नाही, जाणार कुठे. मी मान खाली घालून लिहितोय, म्हणजे बोलावं लागत नाही —
पोत्यातून हाक आली. त्यांनाही ऐकू आली. पोतं सोडलं — स्पीकर मांडीवर घेतला — रडतायत, हसतायत. विचारतायत, आग कशी लागली गं —
स्पीकरमधून काही नाही. शांत. सुटलो —
"अहो, त्यालाच विचारा."
मास्तर वळलेत. बघतायत. लिहिणं थांबव म्हणतायत. मी —