पाचवीचा ठराव

अब्बा, मागच्या आठवड्यात मी शाळेच्या ऑफिसात जाऊन स्वतःचीच सही परत मागितली. तुम्ही असतात तर काय म्हणाला असतात ते मला माहीत नाही. बहुतेक काहीच बोलला नसतात. तुमचा तो स्वभावच होता, लोक बोलायचे नि तुम्ही होडीच्या फळीवर रंधा मारत राहायचात. मला त्याचा राग यायचा. माणसानं बोलावं, चार शब्द सुनवावेत, मग गप्प बसावं. मी तशीच झालेय. इथे सौदीत, खमीस मुशैतला, सगळे म्हणतात, खालाचं तोंड सुटलं की थांबत नाही. खाला म्हणजे मी. आपल्या इंडियन लोकांच्या शाळेत, मुलींच्या विभागात, मी बालवर्गाची आया आहे. बारकी पोरं मोजून बसमधून उतरवते, त्यांची नाकं पुसते, डबे उघडून देते. ह्यांचं टायरांचं दुकान आहे, कफिलाच्या, म्हणजे इथल्या अरबाच्या नावावर, कधी चालतं कधी नाही. आमची एकच मुलगी, दहावीत. तुम्ही तिला पाहिलं नाहीत. तिला डॉक्टर व्हायचंय.

ही शाळा म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल आपल्या गावासारखी झेडपीची शाळा असेल. तशी नाही. हिला सरकार पैसे देत नाही, इथलंही नाही नि आपलंही नाही. पोरांच्या फीवर चालते. त्यातूनच टीचरचा पगार, त्यातूनच बिल्डिंगचं भाडं, बसचं पेट्रोल. एखाद्या कंपनीनं माणसांचा पगार थकवला की त्या घरांतली फी थांबते, नि आमच्या वर्गातला एसी दुरुस्त व्हायचा राहतो. वर कमिटी आहे, पालकांनीच निवडून दिलेली. पण उभं राहायला डिग्री लागते, नि मत एका घराला एक, बापाच्या इकाम्यावर, म्हणजे इथे राहायच्या परवान्यावर. म्हणजे शाळेतला कुठला नळ गळतो ते मला माहीत, कुठली टीचर मधल्या सुट्टीत रडते ते मला माहीत, पण मत माझं नाही. रिझल्ट म्हणाल तर मुलींचा दरवर्षी मुलांच्या वर. गेटवर फलक लागतो, लोक फोटो काढून गावी पाठवतात. आणि एवढं करून दहावी झाली की त्याच मुलींना लोक विमानात बसवतात. कुणाचं लग्न, कुणाला आजीकडे ठेवायचं. मग अकरावी सायन्सला वर्गात पाच-सहा मुली उरतात. फिजिक्सची टीचर गेल्या वर्षी सोडून गेली, दुसरी मिळेना. हे सगळं मी डोळ्यांनी बघत होते. तरी मला कळलं नाही काय येतंय ते.

मुलींच्या विभागात मीटिंगला बाप नाही, पोरींच्या आया येतात, म्हणून मीही जाते. मागच्या महिन्यात झाली. कमिटीतल्या एक मॅडम आहेत, नाशिकच्या, नवरा रिफायनरीच्या कामावर होता तो आता इथे बदलून आलाय. बाई चांगल्या आहेत. मराठी बोलतात म्हणून मला बऱ्याही वाटतात. दाराशी टेबलावर कागद ठेवला होता. मॅडम म्हणाल्या, "ताई, सही करून आत बसा." माझी बारकी पोरं बाहेर बसमध्ये चढायची होती, एकानं बूट हरवला होता, मला घाई. वर एक पान इंग्लिशमध्ये छापलेलं, खाली नावं. मला वाटलं, हजेरी. मी उभ्या-उभ्या सही ठोकली नि बूट शोधायला गेले. माझ्या मागच्या बायकांनीही तेच केलं. चहा-समोसे तयार होते, कोण वाचतंय?

पंधरा दिवसांनी शाळेचं पत्र आलं. पोरगी मोबाईलवर वाचत होती, मी भाकऱ्या थापत होते. एकदम म्हणाली, "अम्मी, इलेव्हन्थ बंद. गर्ल्स का सायन्स बंद कर दिया." मी म्हटलं, कोणी? ती म्हणाली, "विथ कन्सेंट ऑफ पेरेंट्स लिखा है. नीचे सबके साइन का स्कॅन है." मग थांबली. मोबाईल माझ्या तोंडासमोर धरला. "ये आपका है ना? अम्मी, यू साइन्ड धिस?"

माझं नाव, अब्बा. मोठ्या अक्षरात, शेवटच्या अक्षराखाली रेघ. भाकरी तव्यावर जळली नि मी तिच्यावरच ओरडले, "नीट वाच! काहीतरी वाचतेस!" ती खोलीत गेली नि दार लावलं. आपटलं नाही, नुसतं लावलं. मला ते जास्त लागलं. दुसरी शाळा कुठे आहे? जेद्दाला. तिथे तिला कोण ठेवणार? नाहीतर गावी, माझ्या भावाकडे, म्हणजे तुमच्या मुलाकडे, नि वहिनीच्या हाताखाली. मला माहीत आहे तिथे काय होईल. वर्षभरात स्थळ.

आणि मग मला तुम्ही दिसायला लागलात. आपल्या पडवीत बसलेले. आपल्या वाडीत उर्दू शाळा नव्हती म्हणून मी मराठी शाळेत, चौथीला. तुम्ही शाळेच्या कमिटीवर, कारण मोहल्ल्यातला एक माणूस लागायचा नि तुम्ही कोणाशी भांडायचा नाहीत. गुरुजी संध्याकाळी ठरावाची वही घेऊन यायचे. तुम्ही खाडीवरून आलेले असायचात, हाताला डांबर. आधी राखेनं हात धुवायचात, लुंगीला पुसायचात, मग पुन्हा पुसायचात. सही तेवढी यायची, गुरुजींनीच शिकवलेली. एकेक अक्षर असं काढायचात जसं लाकडात कोरताय. गुरुजी म्हणायचे, "भाईजान, मीटिंग झाली असं समजा." आणि कौलं, घंटा, पाण्याचा हंडा, असलेच ठराव असायचे. सगळ्यांची अशीच सही, घरोघर.

त्यातल्याच एका ठरावानं पाचवी ते सातवीचे वर्ग खाडीपलीकडच्या गावात गेले. मास्तर पुरत नव्हते. मुलगे तरीच्या होडीतून जायला लागले. मुलींना कोण पाठवणार? वाडीतल्या आम्ही सगळ्या घरी बसलो. मग लोकांना कळलं वहीत कोणाकोणाची सही आहे. बाकीच्यांना कोणी काही म्हटलं नाही, तुम्हालाच धरलं, कारण तुम्ही ऐकून घ्यायचात. मशिदीबाहेर कोणीतरी म्हणालं, "सही शिकला आनि शाळा बुडवली." आई तर रोज. ताटात वाढताना म्हणायची, "पोरीच्या कपाळावर सही केलीत." तुम्ही म्हणायचात, "हां. माझं चुकलं." एवढंच. जेवायचात.

मग तुम्ही माझ्यासाठी बाक केलात. मोडक्या होडीच्या फळीचं, उतरतं, पाटी ठेवायला खाच असलेलं. चार दिवस, कामावरून आल्यावर संध्याकाळी तासत होतात. म्हणालात, "घरी वाच गो बाय. मी गुरुजीना सांगतो पुस्तक द्यायला." मी काय केलं? त्याच्यावर बसून कोळंबी सोलली. तुमच्या समोर. मला म्हणायचं होतं की बघा, शाळा नाही तर हेच. तुम्ही पाहिलंत नि फक्त म्हणालात, "वास जायचा नाय तो लाकडातला." आयुष्यात तुम्ही मला तेवढंच रागावलात. ते रागावणं होतं का, तेही मला अजून कळलं नाही.

तर मागच्या आठवड्याचं सांगते. मी सुट्टी न टाकता, गणवेशावरच, ऑफिसात गेले. मॅडम फाइल घेऊन बसल्या होत्या. मी म्हटलं, "माझी सही परत द्या."

"ताई, असं कसं? ठराव झाला."

"मला वाटलं हजेरी आहे."

"वरच्या पानावर सगळं लिहिलं होतं ना."

"वरचं पान इंग्लिशमध्ये होतं. मी चौथी शिकलेय, तीही मराठीत. तुम्हाला मराठी येतं. सांगता आलं असतं."

त्या जरा लाल झाल्या. मग म्हणाल्या, "नंबर बघा ना ताई. पाच मुलींसाठी फिजिक्सची टीचर, केमिस्ट्रीची लॅब, हे सगळं बाकीच्या पोरांच्या फीतून जातं. मलाही बरं वाटत नाही. माझी स्वतःची मुलगी आठवीत आहे."

"मग तुमच्या मुलीच्या वेळेला चालू करणार का?"

त्या हसल्या नाहीत. मीही हसायला बोलले नव्हते. म्हणाल्या, "सही परत देता येत नाही. खरंच नाही."

"मग कागद द्या. दुसरी करते."

कागद दिला. मी त्यांच्या टेबलावर उभ्यानं मराठीत लिहिलं की ठरावावरची सही मी न वाचता केली, मला मुलींची अकरावी बंद व्हायला नको आहे, ती सही धरू नये. खाली नाव, त्याखाली रेघ. घाईत तीन शब्द चुकले असतील. मॅडमनी वाचलं. दोनदा वाचलं. म्हणाल्या, "न वाचता केली असं लिहू नका हो ताई. बरं दिसत नाही. समजलं नाही असं लिहा."

मी म्हटलं, "समजलं असतं. मी वाचलं नाही. तेच राहू दे."

बाहेर आले तर बसवाली केरळची बाई उभी होती, तिची मुलगीही दहावीत. हिंदीत विचारलं, काय झालं? सांगितलं. तिनं आत जाऊन तिच्या भाषेत लिहिलं. मग हैदराबादची एक आली, तिनं उर्दूत. दुसऱ्या दिवशी मॅडमच्या फाइलला असे बरेच कागद लागले होते, एकाची भाषा दुसरीला वाचता येत नव्हती. ठराव रद्द नाही झाला, खोटं नाही सांगत. एक वर्ष पुढे ढकलला. या वर्षी अकरावी चालेल, फिजिक्स मुलांच्या विभागातले सर पडद्यावरून शिकवतील, आणि आम्ही पोरींच्या आयांनी निदान दहा मुली आणून दाखवायच्या. मी घराघरांत जातेय. लोक दारातच म्हणतात, "खाला, चाय पियो," म्हणजे विषय काढू नका. मी चहा पिते नि विषय काढते. आतापर्यंत सात कबूल झाल्यात.

हे सांगायला आलेल्या मॅडम जाताना म्हणाल्या, "ताई, लोक स्वतःची चूक अशी लिहून देत नाहीत. तुमच्यात हिंमत आहे." पहिल्यांदाच असं झालं असेल की मला कोणी काही म्हटलं नि मी गप्प बसले. कारण हिंमत असती तर मी तेव्हाच बोलले असते, दहा वर्षांची असताना.

गुरुजी वही ठेवून चहाला आत गेले होते. तुम्ही दरवेळीसारखी तेव्हाही वही माझ्याकडे सरकवलीत. म्हणालात, "वाच गो बाय, काय लिवलाय?" शेजारी लग्नघर होतं, मेंदी लागत होती, माझ्या मैत्रिणी हाका मारत होत्या. मी पहिली ओळ वाचली, शेवटचं "सर्वानुमते मंजूर" वाचलं, नि म्हटलं, "नेहमीचंच हाय. कौलांचं. करा सही." तुम्ही हात पुसलेत नि केलीत.

तुम्ही कोणालाच सांगितलं नाहीत. आईला नाही, मशिदीबाहेरच्यांना नाही. मलाही कधी विचारलं नाहीत. बाक करत बसलात. तुमचा जनाजा निघाला तेव्हा मी इथे होते, तिकीट मिळालं नाही, नि फोनवर भाऊ रडत-रडत म्हणाला की माणूस चांगला होता, फक्त तुझ्या शाळेचं तेवढं चुकलं त्याचं. मी म्हटलं, हो.

हे पत्र लिहून मी काय करू? तुम्हाला वाचता येत नव्हतं. कबरीपाशी कोणी वाचून दाखवायचं तर भाऊच वाचणार, नि मग त्याला कळणार. मी इथे कमिटीला लिहून दिलं, भावाला नाही देऊ शकत. म्हणून हे घडी घालून पोरीच्या जुन्या वह्यांत ठेवतेय. तिला मराठी वाचता येत नाही.

आणि एक राहिलं. मी आत्ता वर लिहिलं की पहिली ओळ वाचली नि शेवटची. मधली मी वाचली नाही असं तुम्हाला वाटेल. अब्बा, मी वाचली होती. पाचवी खाडीपलीकडे जाणार, असं लिहिलं होतं. मला वाटलं, बरं झालं, शाळेतून सुटले.