जुना पंप परत का बसवला

प्रिय दादा,

तुझा निरोप मिळाला. "मी पाठवलेला पंप काढून ते जुनं धूड परत का बसवलंस?" आणि पुढे तीन प्रश्नचिन्हं. प्रश्न रास्त आहे. पंप मी निवडला, विकत तू घेतलास, आणि पुरते चार आठवडे व्हायच्या आत मीच तो उतरवून खोक्यात घातला. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मीही चिडले असते. फोनवर उत्तर दिलं नाही, कारण बाबांचे कान हल्ली फार तिखट झाले आहेत. मी गच्चीवर जाऊन हळू बोलले तरी खाली त्यांना शब्द न् शब्द पोचतो. म्हणून लिहिते आहे. सुट्टीत तुझ्या ठमीला बाबांकडे पोहायला शिकायला पाठवायचं तू ठरवलं आहेस, त्याबद्दलही लिहायचं आहे. ते शेवटी.

आधी पंपाचं. आपल्या तलावात (आई त्याला शेवटपर्यंत हौदच म्हणायची) साधारण पन्नास हजार लिटर पाणी मावतं. ते सगळं दिवसातून एकदा गाळणीतून फिरून आलं की घरच्या वापराला पुरतं. त्यासाठी पंप आठ तास चालवायचा धरला तर ताशी सव्वासहा हजार लिटर होतात. गाळणी, नळ आणि वळणं यांचा अडथळा मोजला तरी अर्ध्या अश्वशक्तीचा पंप भरपूर झाला. जुना दीड अश्वशक्तीचा आहे. ज्या क्लबात बाबा पोहणं शिकवायचे तो मोडला तेव्हा त्यांनी तो तिथून उचलून आणला. मोठा आहे म्हणजे चांगलाच असणार, हा हिशेब. पंप घेताना बहुतेक लोक हेच करतात, आणि कारखान्यात चाचणी विभागात बसून मी रोज हेच निस्तरते. मोठा पंप लहान गाळणीतून पाणी इतक्या जोरात ढकलतो की तिच्यातल्या वाळूत अडकायची ती घाण पलीकडे निघून जाते. वीज जास्त, आवाज जास्त आणि पाणी गढूळच. तू घेतलेल्या पंपाचा वेग कमी-जास्त करता येतो. वेग निम्मा केला की पाणी निम्मं फिरतं, पण वीज जवळपास आठव्या हिश्श्यावर येते. तो हळू आणि जास्त वेळ चालवायचा. त्यात काही खोट नाही. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर तू दुकानदाराच्या मानगुटीवर बसशील.

प्लंबरने तो दुपारपर्यंत बसवला. मी वेग खाली आणला, आणि दादा, काहीच ऐकू येईना. शेजारच्या दंतवैद्य बाई कुंपणावरून वाकून म्हणाल्या, "गिरणी विकली वाटतं! आता माझे पेशंट माझ्याच मशीनला घाबरतील." प्लंबर हसला, मीही हसले. बाबा पंपघराच्या दारात उभे होते. त्यांनी विचारलं, "लावलास का?" मी म्हटलं, चालू आहे बाबा. "असं?" म्हणाले, आणि आत येऊन पंपाच्या अंगावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मला वाटलं, कौतुकाने बघताहेत.

त्यानंतर ते पोहायला उतरेनात. पाणी गार आहे म्हणाले. मग खांदा दुखतोय म्हणाले. ज्या माणसाने ताप असताना आपल्याला पाण्यात ढकललं त्याचा खांदा दुखतोय, हे मला पटलं नव्हतं, पण मी खोदून विचारलं नाही. आई गेल्यापासून मला कशाचंच विशेष काही वाटत नाही. तक्रार म्हणून लिहीत नाही, वस्तुस्थिती म्हणून लिहिते. कामाला जाते, घरी येते, स्वयंपाक करते, भांडी जागच्या जागी ठेवते. बाबांचा तेवढाच एक आग्रह असतो. खुर्ची ओढलीस तर परत आत सार, चप्पल वाटेत सोडू नकोस, कपाटाचं दार उघडं ठेवू नकोस. मी समजत होते, हे प्रशिक्षकाचं खडूसपण म्हातारपणी घरात मुरलं आहे.

मग एका सकाळी ते उतरले. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत चहा घेत उभी होते. ते ब्रेस्टस्ट्रोकच करतात आता, डोकं पाण्याबाहेर ठेवून. मधोमध निघाले आणि हळूहळू डावीकडे जाऊ लागले. खांदा भिंतीला घासला. थांबले, पाय मारत जागच्या जागी उभे राहिले आणि मान इकडेतिकडे वळवली. काहीतरी शोधताना वळवतात तशी नव्हे, हाक आली का हे ऐकताना वळवतात तशी. मग पुन्हा निघाले, चांगल्या वेगाने, तिरके, आणि कपाळ थेट बाजूच्या भिंतीवर आपटलं. मी पोचेपर्यंत ते शिडी धरून वर आले होते. कपाळावर टेंगूळ आलं होतं. "न्हाणीघरात घसरलो" म्हणाले. मी तलावाच्या काठावर उभी, ते ओल्या अंगाने माझ्यासमोर, आणि न्हाणीघरात घसरलो!

मी वाद घातला नाही. दोन दिवसांनी ते पुन्हा उतरले तेव्हा मी पंपघरात जाऊन बसले आणि पंपाचा वेग पूर्ण वाढवला. थोडी घरघर सुरू झाली. बाबा जरा सरळ झाले. वेग कमी केला, पुन्हा वाकडे. वाढवला, पुन्हा जरा सरळ. कारखान्यात यंत्र तपासताना एक गोष्ट बदलायची आणि बाकी सगळं तसंच ठेवायचं असतं. मी तेच केलं. आपल्या बापावर हे करताना काहीतरी वाटायला हवं होतं, असं नंतर मनात आलं. तेव्हा वाटलं नाही. मी फक्त एवढं पाहिलं की पंप पुरेसा वाजला नाही की बाबांना दिशा राहत नाही.

आता आईचं. ती पंपघराच्या बाजूच्या काठावर खुर्ची टाकून बसायची आणि ते पोहत असताना पेपर मोठ्याने वाचायची. बातम्या, जाहिराती, वाहनं विकणे आहे, वधू पाहिजे, हवामान, सगळं. आपण किती चिडवलं तिला. तू म्हणायचास, आईला बंद करायचं बटण कंपनीने दिलंच नाही. ती म्हणायची, "तुम्हाला नको असेल तर कानात बोळे घाला. मी माझ्या नवऱ्याला वाचून दाखवतेय." आपल्याला ती थट्टा वाटली. ते खरंच होतं, दादा. ती त्यांना वाचून दाखवत होती, आणि बाबा त्या आवाजाच्या रोखाने परत येत होते. जाताना आवाज पाठीशी, येताना समोर. लांबी त्यांना हात किती वेळा मारले यावरून कळते. ते शिकवण्यातच आयुष्य गेलं त्यांचं. ती गेल्यावर त्यांनी पोहण्याच्या वेळी जुना पंप लावायला सुरुवात केली. मी आपली शहाणी, त्यांना सांगत होते की पंप दुपारी चालवावा, उन्हात क्लोरीन लवकर संपतं म्हणून पाणी तेव्हा फिरतं ठेवावं. ते म्हणायचे, "मला हलतं पाणी आवडतं."

मी विचारलं तेव्हा ते पंपघराच्या पायरीवर बसले होते. कधीपासून, एवढंच विचारलं. ते म्हणाले, "तू नोकरीला लागलीस त्याच्या आधीपासून." काचबिंदू. आधी कडेचं दिसणं जातं, मग आत आत येत जातं, आणि गेलेलं परत येत नाही. आई त्यांना डॉक्टरकडे नेत होती, आपल्याला सांगायची गुडघे दाखवायला जातोय. मी त्यांना पुन्हा नेऊन आणलं. डाव्या डोळ्याला उजेड आणि अंधार कळतो. उजव्याने समोरचं थोडंसं दिसतं, नळीतून पाहिल्यासारखं. थेंब चालू आहेत, ते राहिलेलं टिकवण्यापुरते. गाडी त्यांनी विकली ती पाठ दुखते म्हणून नव्हे. घरात त्यांना सगळं पाठ आहे, म्हणून मला शेजारच्या खोलीत राहून कळलं नाही. तुला न कळल्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. तू तर वर्षातून दोनदा येतोस.

त्यांनी माझ्याकडून शब्द घेतला की तुला सांगायचं नाही. मी का म्हणून विचारलं. "तो चांगला मुलगा आहे," म्हणाले, "लगेच घेऊन जाईल." तुझं घर चांगलं आहे, वहिनीही त्यांना फुलासारखं ठेवेल, हे त्यांनाही माहीत आहे. पण तिथे त्यांना कपाटाचं दारसुद्धा कुठे आहे ते माहीत नाही. इथे ते पोहतात. मी शब्द दिला.

आणि जुना पंप परत बसवला. तू म्हणशील, नवाच पूर्ण वेगाने चालवायचा होता. चालवून पाहिला. त्याचा आवाज मऊ आहे, सगळीकडून आल्यासारखा वाटतो. जुन्याचं बेअरिंग झिजलं आहे, त्यामुळे त्याला वर एक बारीक किंचाळी आहे. ती बरोबर कुठून येते ते डोळे मिटून सांगता येतं, मी स्वतः पाण्यात उतरून पाहिलं. त्याचं सील बदललं, गळती थांबवली, बेअरिंगला मात्र हात लावला नाही. झिजलेलं बेअरिंग तसंच ठेवायचं, हे मी आयुष्यात पहिल्यांदा ठरवलं. गाळणीवर जोर येऊ नये म्हणून बाहेरची झडप थोडी आवळली आहे. वीज वाया जाते, जाऊ दे. एवढ्या मोठ्या पंपाची ओढ वाईट असते, म्हणून कोणी पाण्यात असताना तळाच्या जाळीचा नळ बंद आणि पाणी फक्त वरून ओढायचं, हे मी बाबांकडून घोकून घेतलं आहे. दोन्ही पंप शेजारी शेजारी बसवायचे तर पंपघराची भिंत फोडावी लागेल. ते करायचं आहे. मग तुझा पंप दिवसभर पाणी साफ करेल आणि जुना सकाळी बाबांसाठी वाजेल. दंतवैद्य बाईंना मी सांगितलं की सकाळी तासभर सोसा. त्यांनी कारण विचारलं नाही. म्हणाल्या, "हरकत नाही गं, मला उठवायला कुणीतरी हवंच होतं."

इथपर्यंत लिहून पाकीट बंद केलं आणि परत उघडलं. पंपाचं एवढं सविस्तर लिहिलं, पण खरं तर पत्र ठमीसाठी आहे. तू फोनवर विचारलंस तेव्हा बाबा लगेच हो म्हणाले. त्या दिवशी जेवताना दोनदा स्वतःशीच हसले. नातीला शिकवायचं आहे त्यांना. पण ती पाण्याखाली गेली तर त्यांना दिसणार नाही, दादा. ती ओरडली तर कळेल, आणि बुडणारं मूल ओरडत नाही, हे त्यांनीच आपल्याला शिकवलं आहे. म्हणून शब्द मोडला. पण ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या मागे हे पाठवणं मला जमेना, म्हणून काल त्यांना समोर बसवून सगळं वाचून दाखवलं. आईचा भाग आला तेव्हा म्हणाले, "जरा हळू." रात्री जेवले नाहीत. आज सकाळी म्हणाले, "पंपाचं फार लांबवलंस, त्याला एवढं कळत नाही." मग म्हणाले, ठमीला येऊ दे, कुणीतरी डोळस तिच्याबरोबर पाण्यात हवा, मी काठावर बसून सांगेन. पाय गुडघ्यातून मारतेय की कमरेतून, हे त्यांना आवाजावरून कळतं. मी मुद्दाम दोन्ही प्रकारे मारून पाहिले, त्यांनी एकदाही चूक केली नाही. मी रजा काढून उतरते म्हटलं, तर म्हणाले, "तू नको. तो." तू शाळेत असताना त्यांच्या बोलण्याला कंटाळून पोहणं सोडलंस, त्यानंतर पाण्यात पाय घातला नाहीस, आणि त्याबद्दल या घरात कधी कोणी बोललं नाही. मीही बोलणार नव्हते. पण त्यांनी मला पेन घ्यायला लावलं आणि सांगितलं, त्याला लिही, मी ओरडणार नाही. लिहिलं का, म्हणून विचारलं. मी हो म्हटलं. मग म्हणाले, वाच. मी वाचलं.

तुझीच,
धाकटी