बर्फाखालचा डबा

३ फेब्रुवारी
रिपोर्ट आला. टेस्टोस्टेरॉन कमी. माझं! कॉलेजात वेटलिफ्टिंग केलेल्या माणसाचं! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दारूने हा हार्मोन खाली येतो, शुक्राणू नीट तयार होत नाहीत. नवे तयार व्हायला तीनेक महिने लागतात, तोवर पूर्ण बंद. मूल हवं असेल तर दुसरा इलाज नाही. बायकोचे सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी इंजेक्शनं तिलाच. त्यांचा डबा फ्रिजमध्ये, बर्फाच्या खालच्या कप्प्यात ठेवलाय.
आजपासून बंद म्हणजे बंद.

३ फेब्रुवारी, संध्याकाळ
उद्यापासून. धक्का मोठा होता.

११ फेब्रुवारी
बिअर घेतली. डॉक्टरीणबाई ‘दारू’ म्हणाल्या होत्या, बिअरचा शब्दही काढला नव्हता. स्पष्ट सांगायला काय होतं? अशाने पेशंटचं नुकसान होतं.

२ मार्च
व्यायामाने हार्मोन वाढतो म्हणे. डंबेल्स आणले. उचलले. मग एक पेग. थोडा वर, थोडा खाली, बरोबरी झाली.

१७ मार्च
बायकोने विचारलं, वास कसला येतोय. छापखान्यात रोलर धुवायचं थिनर, असं सांगितलं. तिने पोटात इंजेक्शन टोचून घेतलं, स्वतःच. मला सुई बघवत नाही, म्हणून मी बाल्कनीत उभा राहतो. मी फार हळवा आहे. हे कुणाच्या लक्षात येत नाही.

२० मार्च
शुक्रवार. बाइंडरबरोबर बसलो. छापखान्यात मी मशीनवर, तो बाइंडिंगला. त्यालाही अजून मूल नाही. माझ्या ग्लासाला ग्लास लावून पितो बिचारा. या जगात मला समजून घेणारा हा एकच.

१० एप्रिल
दगा! चुकून बाइंडरचा ग्लास उचलला. सफरचंदाचा रस! बारमध्ये! माझ्यासमोर! गेल्या वर्षापासून हेच चालू आहे आणि वेटरही सामील. म्हणाला, तुला एकटं वाटू नये म्हणून बोललो नाही. वर म्हणाला, बायकोला दुसरा महिना आहे. मी जीव तोडून चिअर्स म्हणत होतो आणि हा गडी पोटात व्हिटॅमिन घालत होता!
त्याच्या वाटचीही मीच प्यायलो. कुणीतरी इमानदार राहायला हवं.

४ मे
रिपोर्ट आणखी खाली. लॅबचं मशीन बिघडलेलं असणार. मशीनं बिघडतात, मी रोज बघतो. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, बंद होती ना? म्हटलं, बऱ्यापैकी. बायको खिडकीबाहेर बघत राहिली. माझ्या बाजूने एक शब्द नाही. घरचीच माणसं अशी उलटली तर कुणाकडे बघायचं?

५ मे
ठरलं. कायमची बंद. आधी निरोपाचा एक पेग.
बर्फासाठी फ्रिज उघडला. ट्रे काठोकाठ भरलेले. ते काम नेहमी माझं, आज तिने केलेलं. खालचा कप्पा रिकामा.
बायकोला विचारलं, इंजेक्शनं संपली का, उद्या येताना घेऊन येऊ का. म्हणाली, राहिलेली परत केली, आता नाही घेणार. मला न विचारता! नवऱ्याला साधी कल्पना नाही! चांगलं सुनवायला तोंड उघडलं. तेवढ्यात ती म्हणाली, एकटीनेच किती टोचून घ्यायचं. आवाज चढवून नाही. भांडली असती तर मला बोलता आलं असतं.
बाटली उघडलीच नाही. ग्लासात नुसता बर्फ वितळत राहिला. तीन महिन्यांतला पहिला कोरडा दिवस. बरं वाटलं. तिला जाऊन सांगितलं, आज घेतली नाही.
ती म्हणाली, आता घेतली तरी चालेल.