अण्णांच्या साम्राज्यात मी चिटणीस

३ डिसेंबर
आज आंघोळ नामंजूर! गिझर लावायला वरून हुकूम नाही म्हणे. वर म्हणजे नक्की कुठे, ते विचारायची सोय नाही. अण्णांच्या साम्राज्यात सम्राट कुणी पाहिलेलाच नाही, नुसती खातीच खाती. बाल्कनीत ऊन-सावली खातं, स्वयंपाकघरात धान्य संचालनालय, चपलांच्या रॅकपाशी सरहद्द. जन्मभर सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. स्मृती जायला लागली तसं त्यांनी हे राज्य उभं केलं.

आमच्या कामवाल्या यशोदाबाई धान्य संचालक. "ताई, मला लय मोठी पोस्ट हाय," म्हणून हसतात. मी, अण्णांची पोटची पोर, चिटणीसबाई. शेवटचं 'सुवर्णा' कधी म्हणाले, आठवतच नाही.

५ डिसेंबर
युक्ती सापडली. गोळ्या ट्रेमध्ये ठेवायच्या, "तातडीचं आहे, साहेब" म्हणायचं. लगेच निकाल!

८ डिसेंबर
सकाळी अण्णा गायब. एवढ्या थंडीत अनवाणी, पार गंगापूर रोडपर्यंत! "दौऱ्यावर निघालोय." टाचेला काच लागलेली. रिक्षात घातलं, घरी आणलं, पाय धुताना मला रडूच फुटलं. म्हटलं, अण्णा, अहो मी सुवर्णा! बघा तरी माझ्याकडे.

तर आवाज खाली आणून म्हणाले, "चिटणीसबाई, कचेरीत घरगुती नाती सांगायची नाहीत."

९ डिसेंबर
मनमाडहून संतोषचा फोन. हा माझा धाकटा भाऊ, शहाणपण शिकवायला सदा तयार. "ताई, रिटायर करून टाक ना त्यांना! रिटायर झाला की माणूस घरी येतो."

आधी चिडले. पण दिवसभर तेच डोक्यात. खुर्ची सुटली तर मी दिसेन का त्यांना? मला एवढंच हवंय, बाकी काही नको.

१५ डिसेंबर
झाला समारंभ. हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या, शाल, श्रीफळ, हार, पेढे - सगळं रीतसर. संतोषने भाषण ठोकलं. यशोदाबाई उठल्या, "साहेबांनी आमाला लय सांभाळून घेतलं" म्हणाल्या आणि खरंच रडल्या की! अण्णा हात जोडून ऐकत होते. मग कपाटाच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या. "चार्ज दिला बरं का."

चेहरा कसा मोकळा झाला होता! दोन पेढे खाल्ले. मीही वेडी, हरखून गेले.

१६ डिसेंबर
ट्रे नेला. "तातडीचं आहे, साहेब."

"आता मला अधिकार नाही. नव्या साहेबांकडे न्या." गोळ्या तशाच. जेवणही नाही. करायला गेले एक आणि झालं भलतंच! संतोष फोनवर म्हणतो, "होईल सवय." त्याचं काय जातंय? निदान चिटणीस तरी होते मी त्यांची.

१८ डिसेंबर
अंगावर शाल घेऊन, पिशवी भरून अण्णा दाराशी बसलेत. मला म्हणाले, "चिटणीसबाई, एक शेवटचं काम. माझ्या सुवर्णाला फोन लावा. म्हणावं, बाप सुटला नोकरीतून, घरी न्यायला ये. लय वाट पाह्यली पोरीनं."

"लावते, साहेब," म्हटलं.