शोरकुदुकच्या घराचं गिऱ्हाईक

शोरकुदुक,
शुक्रवार, पहाटेच्या नमाजानंतर

प्रिय झान्दोस,

तुझा निरोप वाचला. घराला गिऱ्हाईक मिळालंय, माणूस रोख देणारा आहे, नवरोझच्या आत घर रिकामं करून द्यायचं, आणि आम्हा दोघांची सोय तू अल्माटीबाहेरच्या एका चांगल्या जागी केली आहेस, तिथे म्हाताऱ्यांना वेळेवर जेवण मिळतं. सगळं दोनदा वाचलं. उत्तर फोनवर दिलं असतं, पण फोनवर तू माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीस. कागदाला मधेच 'बरं आई, ठेवतो' म्हणता येत नाही. शाळेत माझं अक्षर चांगलं होतं, मास्तरीणबाई सगळ्यांना दाखवायच्या. आता ते उरलं नाही, तरी वाचता येईल असं लिहिते.

हे घर घेतलं तेव्हाचं तुला किती आठवतं, मला माहीत नाही. कारागांदाचा आपला फ्लॅट, खाणीत उभं आयुष्य घालवून तुझ्या वडिलांना मिळालेला. तू आलास, चहा घेतलास आणि वडिलांना म्हणालास, "अके, तुमच्या छातीत कोळसा भरलाय. तुम्हाला समुद्राची हवा पाहिजे. इथलं विकू, कॅस्पियनच्या काठी घर घेऊ. उरलेले पैसे मी जपून ठेवतो." मी म्हटलं, मला हिशेब दाखव. तर हेच माझ्यावर डाफरले, "ओरीनशा, पोराकडे हिशेब मागतेस? दुकानदार आहे का तो?" आणि कागद तुझ्या नावावर करायचं ठरलं, म्हणजे म्हाताऱ्यांना कचेरीत खेटे नकोत. सही करताना यांनी टोपी सारखी केली होती. बाहेर आल्यावर कारकुनाला सांगत होते, "मुलगा घर घेऊन देतोय, समुद्रावर." तो कारकून आमच्याकडे कसा बघत होता ते मी पाहिलं.

समुद्र मात्र दिसला नाही. घर शिंपल्यांच्या दगडाचं, भिंती जाड, तक्रार नाही. पण समुद्र धक्क्यापासून कधीच मागे सरकलेला. जुना धक्का आता कोरड्या जमिनीवर उभा आहे आणि त्याच्या सावलीत उंट बसतात. पहिल्या दिवशी हे काठी घेऊन पाणी शोधायला गेले. परत आले ते मीठ लागलेले बूट घेऊन. म्हणाले, "आहे, आहे. जरा चालावं लागतं." तुला फोन केला तेव्हा म्हणाले, "खिडकीतूनच दिसतो रे." तू म्हणालास, "बघा, सांगितलं होतं ना." मी शेजारी उभी होते. बापाने पोरासाठी बोललेलं खोटं अल्ला माफ करत असेल, अशी माझी समजूत आहे.

गावाने मात्र आम्हाला वाऱ्यावर सोडलं नाही. नवा बिऱ्हाडकरू आला की जुन्यांनी त्याला जेवायला बोलवायचं, ही आपली रीत शहरात आपण विसरलो होतो. इथे अजून पाळतात. पलीकडच्या बायमुरात आजोबांनी पहिल्याच आठवड्यात मेंढा कापला. म्हातारा आयुष्यभर मासेमारी केलेला, कान गेलेले, त्यामुळे आवाज मोठा. यांना मानाच्या जागी बसवून, आदराच्या नावाने हाक मारत ओरडले, "कोझेके, खा! समुद्र पळाला, पण आम्ही इथेच आहोत." त्यांची सून उल्तुगान, तिची जीभ मिरचीसारखी, मला म्हणाली, "वहिनी, मुलगा कधी येणार? एकदा बघू तरी द्या, इतकं कौतुक ऐकतोय त्याचं. का लपवून ठेवलाय, नजर लागेल म्हणून?" सगळे हसले. हे सगळ्यांत मोठ्याने हसले आणि म्हणाले, "उन्हाळ्यात येणार."

तो उन्हाळा गेला, त्याच्या पुढचाही गेला. अक्ताऊहून बस यायची त्या दिवशी हे दाढी करायचे आणि रस्त्याकडच्या खिडकीशी बसायचे. मी मनुका काढून ठेवायचे, आणि बस रिकामी गेली की परत बरणीत टाकायचे. वाया का घालवायच्या. तू कधी काम आहे म्हणायचास, कधी गाडी बिघडली, कधी पोरांची परीक्षा. तू सांगायचास तेच मी त्यांना सांगायचे, माझ्या पदरचा शब्द घालत नव्हते. एकदा तू म्हणालास रस्ता वाळूने बंद आहे. त्याच दिवशी त्या रस्त्याने खरबुजांचा ट्रक आला. यांनी खरबूज विकत आणलं, कापलं, खाल्लं, आणि रस्त्याबद्दल एक शब्द काढला नाही. त्या रात्री पहिल्यांदा त्यांनी मला माझ्या बहिणीच्या नावाने हाक मारली.

मग यांचं डोकं हळूहळू साथ सोडत गेलं. हे तुला मी सांगितलं होतं. तू म्हणालास, "वय झालं, आई, होतं असं." गुडघेदुखी विसरले, किल्ली विसरले, माझं नाव विसरले, पण तुझं विसरले नाहीत. सकाळी उठले की, "झान्दोस आला का?" चहा झाला की, "झान्दोस आला का?" मी म्हणायचे येईल, तर लहान मुलासारखे खूश व्हायचे, आणि घटकेने तेच विसरून पुन्हा विचारायचे. दर वेळी नव्याने वाट बघायची, दर वेळी नव्याने खचायचं. तुला कल्पना नाही. मुलाची आठवण नसलेल्या बापापेक्षा फक्त मुलाचीच आठवण उरलेला बाप सांभाळणं अवघड असतं.

गेल्या हिवाळ्यात एका शुक्रवारी ते शांतपणे उठून बसले. डोळे स्वच्छ, जसे पूर्वी असायचे. म्हणाले, "ओरीनशा, मला कळलं. पोरगा मेलाय. तू मला सांगत नाहीस." मी म्हटलं, असं काय अभद्र बोलता. तर म्हणाले, "जिवंत असता तर आला असता. माझं पोर आहे ते, मला माहीत आहे." झान्दोस, मी तोंड उघडलं होतं. खरं काय ते सांगायला उघडलं होतं: तो जिवंत आहे, धडधाकट आहे, नवी गाडी घेतली आहे, आणि येत नाही. ते मला म्हणता आलं नाही. तू म्हणू शकला असतास? ते म्हणाले, "सात पोळ्या तळ." मी पीठ चाळलं.

तुला माहीत आहे, त्या सात पोळ्या गेलेल्यांसाठीच तळतात. वास गल्लीभर गेला, शेजारी आले, बायमुरात आजोबांनी कुराण म्हटलं आणि रीतीप्रमाणे विचारलं, "कुणाच्या नावाने?" यांनी आपल्या आईचं नाव घेतलं, वडिलांचं घेतलं, खाणीत गाडल्या गेलेल्या भावाचं घेतलं, आणि मग तुझं. उल्तुगानच्या हातातला चहाचा वाडगा तसाच राहिला. आजोबांनी यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली. आजोबा म्हणाले, "झान्दोसच्या नावाने," आणि सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. आमिन. नंतर उल्तुगान स्वयंपाकघरात येऊन माझ्या गळ्यात पडून रडली. "आणि मी मेली इतके दिवस चेष्टा करत होते! वहिनी, कधी कळलं?" मी म्हटलं, "यांना आज कळलं." "तिकडेच आहे का तो, अल्माटीत?" "हो, तिकडेच आहे." मी खोटं बोलले नाही. पण खरं तरी कुठे बोलले? जिवंत माणसासाठी असं करणं केवढं पाप आहे, हे मुल्लांना विचारायची माझी हिंमत नाही. माझ्या नमाजात मी ते रोज अल्लासमोर ठेवते.

त्या दिवशी तुझे वडील रडले, पोटभर रडले, जेवले, आणि झोपले. त्यानंतर त्यांनी "आला का" म्हणून कधीही विचारलं नाही. गावातली माणसं येऊन जवळ बसायची, ते तुझ्या लहानपणीच्या गोष्टी सांगायचे. बर्फात हरवलेलं कुत्र्याचं पिल्लू तू कोटात घालून आणलंस ती गोष्ट तर इथल्या पोराटोरांना पाठ आहे. तू मेलास आणि आमच्या घरात सुख आलं. हे वाचायला कठीण असेल. लिहायला कठीण नाही, याचंच मला नवल वाटतं.

तुझं गिऱ्हाईक येऊन गेलं. मंगळवारी मोठी गाडी घेऊन आला, फीत काढून अंगण मोजायला लागला. प्रवाशांसाठी खोल्या बांधायच्या म्हणाला. मी दारातच होते. बायमुरात आजोबा काठी टेकत आले. "काय मोजतोस रे?" "घर घेतोय, आजोबा. झान्दोसचं आहे, कागद बघा." "झान्दोस मेला." "काय बोलता! परवा बोललोय मी त्याच्याशी." आजोबांना ते ऐकू गेलं नसावं, म्हणून उल्तुगानने कानात ओरडून सांगितलं, तेव्हा म्हातारा असा चिडला की फीत त्याने काठीने उडवली. "मग तो कुणी ठग आहे! मेलेल्या पोराचं नाव लावून विधवा बाईचं घर विकतोय! त्याला म्हणावं, माणसाच्या पोटचा असशील तर इथे येऊन उभा राहा." गल्ली जमली. तो भला माणूस मला म्हणाला, "आजी, तुम्ही सांगा, तुमचा मुलगा आहे का?" मी म्हटलं, "बाळा, मला विचारू नकोस." तो घामाघूम होऊन गाडीत बसला. त्याने तुला काहीबाही सांगितलं असेल, आणि तुला काही उमगलं नसेल, म्हणून हे पत्र.

विधवा. बरोबर वाचलंस. पहिला बर्फ पडला त्या सुमारास गेले. छातीतला कोळसा शेवटी वर आला. बायमुरात आजोबांच्या मुलांनी आंघोळ घातली, गावाने खांदा दिला, चाळिसाव्याचं जेवणही गल्लीनेच घातलं. तेव्हापासून तुझे तीन फोन आले. घराच्या कागदाचा नंबर विचारलास, कुंपण कुणाचं ते विचारलंस, छप्पर गळतं का विचारलंस. वडील कसे आहेत, हे एकदा जरी विचारलं असतंस तरी मी सांगितलं असतं. मी प्रत्येक वेळी थांबत होते, तुझ्या 'ठेवतो'च्या आधी जरा जागा ठेवत होते.

तेव्हा तुझ्या निरोपाचं उत्तर असं. कागद तुझ्या नावावर आहे, तो खुशाल तुझ्याकडे ठेव. पण हे घर घ्यायला या किनाऱ्यावर कुणी येणार नाही, आणि मी इथून उठणार नाही. तू येऊ नकोस. राग म्हणून म्हणत नाही, राग कधीच संपला. या गावात तुझ्या वडिलांना सगळे मुलाच्या शोकाने खचलेला बाप म्हणून ओळखतात. त्यांच्या कबरीवरून जाणारा माणूस थांबतो, म्हणतो, बिचाऱ्याचा एकुलता एक गेला, फार गुणी होता म्हणे. तू या रस्त्यावर उभा राहिलास की त्या क्षणी ते मुलाने टाकलेला बाप होतील, आणि ते मातीत झोपलेले असताना ही वेळ मला त्यांच्यावर येऊ द्यायची नाही. तू जिवंत आहेस हे इथे कुणाला कळायला नको, झान्दोस. कारागांदाचा फ्लॅट, उरलेले पैसे, सगळं तू घेतलंस; त्यांचा तो चांगला मुलगा तेवढा त्यांच्याकडे राहू दे.

तुझीच, ते काही मला बदलता येत नाही,
आई